वस्तीतली कुत्री आणि आपली जबाबदारी : सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांनी माहीत ठेवावं असं

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की वस्तीत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडी बोलवा आणि सगळी उचलून न्या. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाला हात लावाल तर खबरदार. आपल्या विहारांतही हेच चालतं. भांडण वाढलं की दोन्ही बाजू कार्यकर्त्याकडे येतात, आणि त्याच्याकडे कायद्याची, दवाखान्याची किंवा धम्माची नेमकी माहिती नसेल तर तोही आवाज मोठा असणाऱ्याच्या बाजूला झुकतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे लागोपाठ आदेश आल्यापासून गोंधळ आणखी वाढला आहे. म्हणून सातारा-सांगली पट्ट्यातल्या तरुणांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

सुरुवातीलाच एक अवघड गोष्ट बोलून टाकू. कुत्र्यांवर दया करा असं आपल्या समाजाला कुणी सांगितलं की अनेकांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्या आठीला इतिहास आहे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात गांधीजींना भेटताना बाबासाहेबांनी सुनावलं होतं की या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही वाईट वागवलं जातं. १९२७ साली महाडला जे चवदार तळं माणसांना बंद होतं, ते जनावरांना खुलं होतं. आणि साताऱ्याला हे दुरून सांगण्याची गरजच नाही. इथल्याच शाळेत भीमराव गोणपाट घेऊन वेगळा बसला. इथूनच १९०१ साली वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघालेल्या त्या मुलांना वाटेत कुणी पाणी दिलं नाही. तेव्हा ज्या घरात कुत्र्याला दूध आणि माणसाला उंबऱ्याबाहेरून भाकरी मिळत होती, त्या घरातली भूतदया आपल्याला शिकायची नाही. आपली मैत्री वेगळ्या ठिकाणाहून येते.

ती येते १९५६ च्या नागपूरहून. बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांविषयी आहे. तिच्यात दयेवर थांबलेलं नाही, लालनपालनाची जबाबदारीही घेतलेली आहे. लालनपालन म्हणजे शिळी भाकरी भिरकावून पुढे जाणं नव्हे. आजारपण, विणं, पिल्लं आणि त्यांच्यामुळे शेजाऱ्याला होणारा त्रास, हे सगळं त्यात आलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब करुणा आणि मैत्री यांत फरक करतात. करुणा माणसांपुरती असते, मैत्री सर्व सजीवांसाठी. त्याच ग्रंथात अहिंसेविषयी बोलताना ते मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज वेगळी काढतात. म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्यापुढे हात जोडून उभं राहा असं धम्म सांगत नाही. पण राग आला म्हणून पिल्लं पोत्यात भरून कृष्णेत सोडणं ही सरळ हिंसेची इच्छा आहे, तिला कुठलीही गरज चिकटवता येत नाही.

कुक्कुर जातकाची गोष्ट या विषयासाठीच सांगितल्यासारखी आहे. राजाच्या रथाचे चामडी पट्टे रात्रीतून कुणीतरी कुरतडले. राजाने फर्मान काढलं की नगरातली कुत्री मारा, फक्त राजवाड्यातली सोडून. तेव्हा स्मशानातल्या कुत्र्यांचा म्होरक्या असलेला बोधिसत्त्व थेट दरबारात गेला आणि राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात कालवलेलं गवत खाऊ घालायला लावलं. ती ओकली आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले. आजही बंगल्यात हौसेने आणलेलं कुत्रं मोठं झालं की वस्तीजवळच्या माळावर सोडून दिलं जातं, आणि तक्रार मात्र वस्तीच्या नावावर चढते. जाता जाता, फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो पुन्हा एकदा पाहा. त्यात टॉबी नावाचं त्यांचं लाडकं कुत्रंही आहे.

आता कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम पहिल्यांदा २००१ मध्ये झाले. मार्च २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. नव्या नियमांत ‘भटकी’ऐवजी ‘सामुदायिक प्राणी’ असा शब्द आहे. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. साताऱ्यात ती नगरपालिकेची, सांगली-मिरज-कुपवाडमध्ये महापालिकेची, गावात ग्रामपंचायतीची. पकडलेलं कुत्रं शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस देखरेखीखाली ठेवायचं आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. सहा महिन्यांखालच्या पिल्लांची शस्त्रक्रिया करायची नाही. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला छेद दिलेला असतो. तो दिसला की समजा, या कुत्र्याचं निर्बीजीकरण झालं आहे.

उचलून लांब सोडणं बेकायदा तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. कुत्रं आपला भाग राखतं. भाग मोकळा झाला की शेजारच्या भागातली, लस न घेतलेली कुत्री तिथे येतात, भांडतात आणि चावतात. सातारच्या एका पेठेतून उचलून महामार्गाच्या कडेला सोडलेलं कुत्रं एकतर गाडीखाली जातं, नाहीतर दुसऱ्या गावची डोकेदुखी होतं.

सर्वोच्च न्यायालयाचं असं झालं. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवारागृहात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशक देऊन कुत्री मूळ जागी सोडायची, फक्त रेबीजची बाधा झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. रस्त्यात कुठेही खायला घालण्यास मनाई झाली आणि प्रत्येक प्रभागात खाऊ घालण्याची ठरावीक जागा करायला सांगितलं. विषयाची व्याप्ती सगळ्या राज्यांपर्यंत नेली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे एसटी स्टँडच्या आवारातलं कुत्रं आणि तुमच्या गल्लीतलं कुत्रं यांना आता वेगवेगळा नियम आहे. ‘कोर्टाने सगळी उचलायला सांगितली’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, आणि ‘कोर्टाने कुठेही खायला घालायला परवानगी दिली’ हेही खरं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकासाठी कलम २९१ आहे. बंगलेवाल्यांना हे दुसरं कलम आवर्जून सांगावं.

चावा लागल्यावर काय करायचं, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो वस्तीतल्या प्रत्येक आईला तोंडपाठ हवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही असंच धरून चालावं. पण लक्षणांच्या आधी उपचार पूर्ण झाले तर हा रोग टळतो. चाव्यापासून लक्षणांपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. चेहऱ्यावर, मानेवर, हातावर चावा असेल तर वेळ कमी मिळतो, आणि लहान मुलांना चावे नेमके तिथेच बसतात, कारण त्यांची उंचीच कुत्र्याच्या तोंडाएवढी असते.

पहिली गोष्ट, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. या एका कामाने विषाणूचा मोठा भाग निघून जातो. चुना, तिखट, हळद, तेल, तंबाखू काहीही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही, आणि टाके लगेच घालायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय. गावात आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. दंडात स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८. लस घेतल्याचा दिवस म्हणजे शून्य दिवस. रक्त आलं असेल किंवा उघड्या जखमेला लाळ लागली असेल तर नुसती लस पुरत नाही. जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं. हे अनेकदा राहून जातं, कारण नातेवाइकांना ते मागायचं असतं हेच माहीत नसतं. नुसता ओरखडा असेल, रक्त नसेल, तरी लस घ्यायचीच. पिल्लू चावलं तरी घ्यायची. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ती घेता येते. कुत्रं डोळ्यासमोर असेल तर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण म्हणून उपचार थांबवायचे नाहीत.

आमच्या ओळखीतल्या एका मजूर कुटुंबाने तिसरा डोस चुकवला, कारण त्या दिवशीचा रोज बुडाला असता. पोरगी सुदैवाने ठीक आहे. पण तेव्हापासून आम्ही चाव्याची खबर आली की वहीत तारखा लिहितो आणि ठरल्या दिवशी कुणीतरी मोटारसायकल घेऊन दारात उभा राहतो. लस केंद्रावर नाही असं सांगितलं गेलं तर तसं लेखी मागावं. लेखी मागितलं की पुष्कळदा लस सापडते.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती अजून आहे. ती जुनी लस आपल्याकडे बंद होऊन वीस वर्षं झाली. भीतीपोटी माणसं मांत्रिकाकडे, उतारा देणाऱ्याकडे जातात. ज्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर राहिले आणि लढले, तिथे कुत्रं चावलेल्या पोराला अंगारा लावणं ही आपल्यालाच लाज वाटावी अशी गोष्ट आहे. मांत्रिकाकडे गेलेली शंभरातली बहुतेक माणसं जगतात, कारण चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. त्याचं श्रेय मात्र मांत्रिकाला मिळतं.

खायला घालण्याबद्दल. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालून ग्रह शांत करणाऱ्यांशी आपलं काही घेणंदेणं नाही. २०२३ च्या नियमांतला विसावा नियम सांगतो की खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी, वेळ ठरलेली हवी आणि जागा स्वच्छ ठेवायला हवी. विहाराच्या पायरीवर खरकटं ठेवू नये. भांड्यात पाणी असावं. आणि जो खायला घालतो त्यानेच त्या कुत्र्याच्या लसीची आणि शस्त्रक्रियेची नोंद ठेवावी. नाहीतर चार कुत्र्यांची दोन वर्षांत किती होतात ते शेजारी सांगतीलच. भूक सगळ्यात जास्त वाढवतात ती चिकन-मटणाच्या दुकानांची आणि हॉटेलांची टाकाऊ पोती. घंटागाडी रोज आली तर कुत्र्यांची संख्याही आटोक्यात राहते. हा जोड अधिकाऱ्यांना सतत दाखवावा लागतो.

निर्बीजीकरण कधी करायचं, यावर आमचं एक ठाम मत आहे. कुत्र्यांचा मुख्य हंगाम भाद्रपदात येतो, हे आपल्या भाषेतही मुरलेलं आहे. सुमारे ६३ दिवसांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, पिल्लं दिसू लागतात आणि थंडीत बरीच मरतात. तेव्हा मोहीम त्याआधी, वर्षावासाच्या पहिल्या महिन्यात व्हायला हवी. आषाढ पौर्णिमेपासून विहारात रोज ग्रंथवाचनाला माणसं जमतातच. एका संध्याकाळी वाचनानंतर गल्लीगल्लीतल्या कुत्र्यांची यादी करा. किती नर, किती माद्या, कानाला छेद किती जणांच्या, पिल्लं पाजणारी कोणती. ही यादी घेऊन मुख्याधिकारी किंवा आयुक्तांना निवेदन द्या. नियमांनुसार थोड्या काळात सत्तर टक्के कुत्री उरकली तरच संख्या उतरते. वर्षभर दोन-चार करत राहिलं तर पैसा जातो आणि कुत्री तेवढीच राहतात. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारा: गेल्या वर्षी किती शस्त्रक्रिया झाल्या, प्रत्येकी खर्च किती, कुठून उचलली आणि कुठे सोडली.

या दोन जिल्ह्यांत शहराबाहेरचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोपी फडाशेजारी पडतात, मुलं उघड्यावर झोपतात, आणि कारखान्याचा तळ कुठल्याच प्रभागात येत नाही. माण, खटाव, आटपाडी, जतच्या धनगरांची कुत्री वर्षाचे कित्येक महिने वाटेवर असतात. त्यांना लस गाठायची तर वाड्यावरच गाठावी लागते. कराड, पाटण, शिराळ्याकडे उसात बिबट्या आहे आणि कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य आहे. म्हणजे उघड्या कचऱ्यामागे कुत्री आणि कुत्र्यांमागे बिबट्या, असं ते वस्तीपर्यंत येतं. महापुरात तर सगळंच उलटतं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माणसं होड्यांतून निघाली, कुत्री पत्र्यावर राहिली. पुराच्या तयारीत आपल्या विहाराने एक ओळ वाढवावी, की साखळीतलं कुत्रं निघण्याआधी मोकळं करायचं.

मदतीला माणसं आहेत. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. कारखान्यांच्या बैलांसाठी काम करणारी अ‍ॅनिमल राहत ही संस्था २००३ पासून याच भागात आहे. पाळीव कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस, हे विहाराच्या फलकावर लिहून टाका. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या दिवशी वस्तीत शिबिर मागा.

शेवटी, गाडीवरच्या माणसाबद्दल. कुत्रं पकडायला जो जाळी घेऊन उतरतो, तो बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो, कंत्राटावरचा, हातमोजे फाटलेला. प्राणिप्रेमी त्याच्यावर मोबाइल रोखतात आणि नागरिक त्याला शिव्या देतात. त्याला चावण्याआधीच घ्यायची प्रतिबंधक लस असते आणि ती देणं मालकाचं काम आहे, हे त्याला सांगणारं कुणी नसतं. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत गाडी आली तर आधी त्याला विचारा, लस दिली का. नसेल तर निवेदनात पहिली मागणी ती लिहा, कुत्र्यांची दुसरी.