अंधारात लागलेलं केंद्र

गोंदियातल्या तुमच्या खोलीतला दिवा मालवा. मोबाईलवर विविध भारतीचं ‘हवामहल’ लावा. १९५७ साली विविध भारती सुरू झाली, आणि पंधरा मिनिटांची ही नाटुकली आजही तिच्यावर लागतात. मोबाईल पालथा ठेवा, त्याचा उजेड नको. आता डोळे मिटा. बाहेर हावड्याकडे जाणारी गाडी धडधडत निघून जाईल. तिचा आवाज पुरता विरू द्या.

उघडा डोळे.

१९७४ सालचा जानेवारी आहे. अर्जुनी मोरगावच्या बाजूचं एक गाव, आणि नवेगाव बांधच्या पाण्यावरून येणारा वारा अंगावर काटा आणतोय. हा गोंदिया जिल्हा नाही. तो व्हायला अजून पंचवीस वर्षं आहेत. इथे सगळ्यांच्या तोंडी भंडाराच. धानाची चुरणी उरकली आहे, अंगणात तणसाचा ढीग आहे, आणि सपरीत चिमणीच्या उजेडाभोवती आठ-दहा माणसं बसली आहेत. तुम्हालाही पोत्यावर जागा करून देतात.

मधोमध चामडी वेष्टणातला ट्रान्झिस्टर आहे. त्यातले सेल दिवसभर उन्हात ठेवले होते; तेवढ्याने अजून दोन रात्री निघतील, असा घरातल्या म्हाताऱ्याचा हिशोब. तो चकती हलकेच फिरवतो. खरखर, शिट्टी, कुठल्याशा परक्या भाषेतल्या बातम्या, पुन्हा खरखर.

“काहून गा, आज लागून नाही रायलं?”

म्हातारा काही बोलत नाही. तो चकती सोडतो आणि सगळा ट्रान्झिस्टरच थोडा वळवतो. आवाज एकदम स्वच्छ होतो. आत फेराइटची कांडी असते, आणि ती लहरींना आडवी आली की केंद्र चांगलं धरते. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, त्याच्या हातांना ते ठाऊक आहे. रात्रीची साथही आहे. दिवसा उन्हामुळे वातावरणातला एक थर मध्यमलहरी शोषून घेतो. अंधार पडला की तो विरतो, आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरचं नागपूर तर आपल्या हक्काचं. तिथलं आकाशवाणी केंद्र १९४८ पासून बोलतंय; आणि १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या केंद्रांत मुंबई-पुण्यासोबत नागपूरही होतं.

“चूप राहा गा, नाटक लागलं!”

आणि सगळे चूप होतात. थांबत नाहीत ते बायकांचे हात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीने कापायचं, जर्दा पसरायचा, गुंडाळायचं, टोक नखाने आत मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे हात थांबून चालत नाही. पण या कामाला कान लागत नाहीत. नभोनाट्याला डोळे लागत नाहीत. म्हणून ही दोन्ही या सपरीत इतकी शेजारी शेजारी बसतात.

आता नीट ऐका. नाटकात कुणी पाहुणा आलाय. टापांचा आवाज जवळ येतो, टांगा थांबतो, दार करकरतं. स्टुडिओत त्या वेळी बहुधा नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या असतील. पाऊलवाटेसाठी ट्रेमध्ये खडी असते, विजेसाठी पत्रा हलवतात, आगीसाठी पारदर्शक कागद चुरगाळतात. इथे सपरीत मात्र खरा घोडा आलाय. शेजारच्या म्हातारीला विचारा, दार कसं होतं? ती सांगेल, माहेरचं, सागवानी, पितळी कडीचं. पोराला विचारा. त्याला शाळेचं दार दिसलं, एक बिजागरी निखळलेलं. मंडईच्या रात्री झाडीपट्टीतलं नाटक बघताना सगळ्या गावाला एकच पडदा दिसतो. इथे दहा माणसांत दहा दारं उघडली आहेत, आणि हसू मात्र एकाच क्षणी फुटतं.

पाहुणा मुक्काम वाढवतो, यजमानीण तडकते, आणि नेमकं उत्तर यायच्या वेळी आवाज खोल जातो. दहाही माणसं पुढे झुकतात. विडी वळणारे हातसुद्धा या एका क्षणी थांबतात. वाक्य गेलंच. मागे नेऊन पुन्हा ऐकायची सोय नाही. मग कोपऱ्यातली सून, जिचा आवाज तुम्ही आतापर्यंत ऐकला नव्हता, ते गेलेलं वाक्य स्वतःच्या मनाने बोलून दाखवते. सपरी हसून हसून लोळते. लेखकाने काय लिहिलं होतं ते कुणालाच कळणार नाही, आणि कुणाची तक्रारही नाही.

चिमणी फडफडते. डोळे मिटा.

पुन्हा तुमची खोली, तुमचा मोबाईल. ते आवाज सगळेच उरलेले नाहीत. टेप महाग असायच्या, आणि एकाच टेपवर जुनं पुसून नवं भरलं जाई. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाऊजी घरोघरी नात्यातले झाले होते. अशांचा एखादा तुकडा हाती लागला, तर तो जिवापाड जपा. पण नुसता साठवू नका. मी इतकी वर्षं ही नाटकं ऐकतो आहे, आणि माझी खात्री झाली आहे की नभोनाट्याचा अर्धा भागच टेपवर असतो. उरलेला अर्धा ऐकणाऱ्यांनी भरायचा असतो: अंधाराने, गुंतलेल्या हातांनी, आणि शेजारी बसलेल्या माणसाने.

म्हणून कानातले इअरफोन काढा. मोबाईल पितळी गडव्यात उभा करा. आवाज घुमून मोठा होतो. आजीला बोलवा. नाटक पुन्हा पहिल्यापासून लावा, आणि मध्ये कुठेही थांबवू नका.

दार करकरेल तेव्हा तिच्या हातांकडे बघा. वर्षानुवर्षं सूप घेतलेलं नाही, तरी अंगठ्याचं नख रिकाम्या हवेत एक टोक मुडपत असेल.

मग तिला विचारा, दार कसं होतं?