आईलाच विचारा: ‘प्राम्स’ सर्वेक्षणाची गोष्ट

अमेरिकेतल्या जन्मदाखल्यावरून बाळाचं वजन कळतं, आईचं वय कळतं. पण गरोदरपणात तिला नवऱ्याने मारलं का, तपासणीला जायला तिच्याकडे पैसे होते का, मुळात तिला तेव्हा मूल हवं होतं का? हे दाखल्यावर कुठून येणार? ते फक्त तिलाच माहीत असतं.

१९८० च्या दशकात हा प्रश्न ऐरणीवर आला. तिथल्या बालमृत्युदराची घट मंदावली होती. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण तर आधीच्या वीसेक वर्षांत फारसं हललं नव्हतं. मग १९८७ मध्ये सीडीसी या केंद्रीय संस्थेने राज्यांच्या आरोग्य विभागांना सोबत घेऊन एक सर्वेक्षण सुरू केलं. त्याचं नाव प्रेग्नन्सी रिस्क असेसमेंट मॉनिटरिंग सिस्टिम, म्हणजेच ‘प्राम्स’. (आईच्या धूम्रपानाचा रकाना जन्मदाखल्याच्या राष्ट्रीय नमुन्यात आला तो १९८९ च्या सुधारणेत, म्हणजे त्यानंतर.)

आता पद्धत बघूया, कारण आपल्या कामाची गोष्ट तिथेच आहे.

नमुना निवडायचा तर आधी यादी लागते. प्राम्सची यादी म्हणजे जन्मनोंदणी. त्यातून दर महिन्याला काही माता निवडायच्या, बाळ दोन ते चार महिन्यांचं असताना त्यांना टपालाने प्रश्नावली पाठवायची, उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायची, तरीही नाही आलं तर फोन करायचा. दोन महिने थांबायचं कारण असं, की बाळंतपणानंतरचं नैराश्य, स्तनपान, बाळाला कसं झोपवता, हेही विचारायचं असतं. आणि फार उशीर केला तर आठवण पुसट होते, म्हणजे आपला नेहमीचा ‘रिकॉल बायस’.

दुसरी गोष्ट वेटेजची. कमी वजनाची बाळं संख्येने थोडी असतात, म्हणून अनेक राज्यं अशा माता मुद्दाम जास्त प्रमाणात निवडतात. समजा, कमी वजनाच्या गटातून ५ पैकी १ आई निवडली आणि बाकीच्यांतून ५० पैकी १. मग पहिल्या गटातलं एक उत्तर ५ मातांचं आणि दुसऱ्यातलं ५० मातांचं धरायचं. हे न करता सरळ सरासरी काढली, तर त्या राज्यातली निम्मी बाळं अशक्त आहेत असंही वाटू शकेल! उत्तर न देणाऱ्या आणि यादीतून सुटलेल्या मातांसाठी आणखी दुरुस्त्या असतात, त्या वेगळ्या.

आता यादीत कोण नाही, ते बघा. यादी जिवंत जन्मांची आहे. त्यामुळे ज्यांचं बाळ पोटातच गेलं त्या बायका नाहीत, आणि बाळंतपणात जी दगावली तीही नाही. सर्वांत मोठा धोका जिच्या वाट्याला आला, तिचाच आवाज या आकड्यांत नाही. जन्मानंतर बाळ गेलं असेल तर ती आई मात्र यादीत असते. म्हणूनच प्रश्नावलीत एक प्रश्न आहे: तुमचं बाळ आता हयात आहे का? हा प्रश्न एखादीच्या हातात टपालाने पडतो तेव्हा तिचं काय होत असेल, याचाही विचार प्रश्नावली करणाऱ्याला करावा लागतो.

आपल्याकडे हे काम बऱ्याच अंशी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करतं. पहिली फेरी १९९२-९३ ची, आणि समन्वय मुंबईच्या आयआयपीएसकडे. पण तिथे आधी गावं-वॉर्ड निवडतात, मग घरं, आणि मागच्या काही वर्षांतल्या बाळंतपणांबद्दल प्रत्यक्ष भेटीत विचारतात. यादी बदलली की कोण दिसतं तेही बदलतं.

एप्रिल २०२५ मध्ये सीडीसीत मोठी कर्मचारीकपात झाली, त्यात प्राम्सचं काम बघणारी माणसंही गेली. प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेला नमुना पुढच्या वर्षीही तपासता येतो. चार महिन्यांच्या बाळाच्या आईची आठवण तशी गोठवता येत नाही. जे वर्ष विचारायचं राहिलं ते राहिलंच.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘नमुना निवड’ लिहाल तेव्हा त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहा: माझ्या यादीत कोण येऊच शकत नाही? गाईड विचारायच्या आधी.