कॉन्टॅक्ट परमिशन: ‘अलाऊ’ तुम्ही दाबता, माहिती कोणाची जाते?

नवीन अ‍ॅप उघडलं की बऱ्याचदा लगेच विचारलं जातं, ‘कॉन्टॅक्ट्स वापरू द्यायचे का?’ आपण घाईत ‘अलाऊ’ दाबून मोकळे होतो. पण त्या यादीत आई असते, मामा असतो, शाळेतले सर असतात, ऑफिसमधली मैत्रीण असते. परवानगी तुम्ही देता, नंबर मात्र त्यांचे जातात. त्यांना कोणी विचारलं का?

अ‍ॅपला नेमकं काय मिळतं?

अँड्रॉइडवर ही परमिशन दिली की फोनमधली सगळी सेव्ह केलेली नावं आणि नंबर अ‍ॅपला वाचता येतात. ईमेल, पत्ता, वाढदिवस भरले असतील तर तेही. मी स्वतः अ‍ॅप्स बनवतो, त्यामुळे सांगतो: ही यादी वाचून सर्व्हरवर पाठवायला फार कोड लागत नाही. आणि एकदा कॉपी गेली की नंतर परमिशन बंद करून ती परत येत नाही.

यात एवढं काय बिघडतं?

झटपट कर्ज देणाऱ्या बेकायदा अ‍ॅप्सचं उदाहरण घ्या. २०२० च्या लॉकडाऊनच्या काळात देशभरातून त्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. हप्ता थकला की वसुलीवाले कर्जदाराच्या कॉन्टॅक्ट्समधल्या लोकांना फोन करायचे, त्याचे एडिट केलेले फोटो पाठवायचे. या छळापायी काहींनी आत्महत्या केल्या. ज्यांनी एक रुपयाही घेतला नव्हता, त्यांनाही शिव्या ऐकाव्या लागल्या.

नियम काय सांगतात?

- सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग आणि फोनमधल्या फाइल्स बघायच्या नाहीत.
- ३१ मे २०२३ पासून गूगल प्लेनेही वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो वापरायला मनाई केली.

पण हे नियम कर्जाच्या अ‍ॅप्सपुरते आहेत. गेम किंवा फोटो एडिटरने कॉन्टॅक्ट्स मागितले, तर निर्णय तुमच्याच हातात असतो.

तुम्ही काय करू शकता?

१. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत ‘परमिशन मॅनेजर’ उघडा. कॉन्टॅक्ट्स कोणकोणत्या अ‍ॅप्सकडे आहेत ते बघा आणि नको त्यांचे बंद करा.
२. आयफोनवर आयओएस १८ पासून सगळ्यांऐवजी निवडक कॉन्टॅक्ट्स देता येतात.
३. कर्जाच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले तर ते लगेच अनइन्स्टॉल करा.
४. कोणी धमकावत असेल तर चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि घरच्यांना सांगा. लाज तुम्हाला नाही, धमकावणाऱ्याला वाटायला हवी.

मित्राने विश्वासाने दिलेला नंबर आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला देत नाही. मग अनोळखी अ‍ॅपला तरी का द्यायचा?