चाई : कारणे, निदान आणि उपचार

डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडून तेथील केस अचानक नाहीसे होतात, त्या विकाराला मराठीत चाई म्हणतात. काही भागांत ‘उंदरी लागली’ असेही म्हणण्याची रीत आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘इंद्रलुप्त’ या नावाने त्याचे वर्णन आढळते, तर आधुनिक वैद्यक त्याला ॲलोपेशिया एरियाटा म्हणते. शंभरांपैकी सुमारे दोन व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी हा विकार होतो. न्यूझीलंडमध्ये नव्याने आलेली कुटुंबे अनेकदा येथील पाण्याला किंवा शाम्पूला दोष देतात. परंतु या विकाराचे मूळ शरीराच्या आतच असते.

कारण काय?

केसाचे मूळ ज्या सूक्ष्म खाचेत रुजलेले असते, त्या रोमकूपाला प्रतिकारशक्तीपासून एक नैसर्गिक संरक्षण लाभलेले असते. ते संरक्षण ढळले की रक्तातील टी-पेशी वाढत्या केसाच्या मुळावर परक्या शत्रूप्रमाणे हल्ला करतात आणि केस गळतो. रोमकूप मात्र नष्ट होत नाही. त्यामुळे कित्येक वर्षांनंतरही केस पुन्हा उगवू शकतात. हा हल्ला प्रामुख्याने रंगीत केसांवर होत असल्याने पांढरे केस बहुधा टिकून राहतात आणि नवे केसही आरंभी पांढरेच येतात.

काही कुटुंबांत हा विकार पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. थायरॉईडचे विकार, कोड, दमा आणि इसब यांच्याशीही त्याचे नाते आहे. मानसिक ताण काहींच्या बाबतीत निमित्त ठरत असावा; तथापि ‘तू फार काळजी करतोस म्हणून’ असे रुग्णाला सुनावणे अन्यायाचे आहे. चाई संसर्गजन्य नाही. कंगवा, उशी किंवा टोपी यांमुळे ती पसरत नाही.

निदान

चट्ट्याच्या कडेला मुळाशी निमुळते होत गेलेले तुटके केस आणि नखांवरील बारीक खळगे या चाईच्या खुणा होत. मुलांच्या बाबतीत डोक्यावरील गजकर्ण आधी वगळावे लागते. त्यात खपली व खाज असते, ते इतरांना लागते आणि त्यासाठी बुरशीनाशक औषध पोटातूनच घ्यावे लागते. प्रत्येक टक्कल म्हणजे चाई नव्हे. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५मध्ये अनेक गावकऱ्यांचे केस काही दिवसांतच गळाले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले होते. एकाच वेळी अनेकांचे केस गळणे हे चाईचे लक्षण नाही.

उपचार

एकदोन लहान चट्टे असल्यास सुमारे निम्म्या रुग्णांचे केस वर्षभरात आपोआप परततात. म्हणून थांबून पाहणे हाही योग्य निर्णय असू शकतो. उपचार करायचे ठरल्यास तीव्र स्टिरॉइड मलम लावतात किंवा चट्ट्यात दर चार ते सहा आठवड्यांनी स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. इंजेक्शने वेदनादायक असल्याने लहान मुलांना सहसा देत नाहीत. विस्तृत चाईत डायफेनसायप्रोन लावून त्वचेवर हेतुपुरस्सर सौम्य दाह निर्माण करण्याची पद्धतही आहे.

अलीकडची भर म्हणजे जॅक-रोधक गोळ्या. अमेरिकेत तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिबला २०२२मध्ये, तर बारा वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिबला २०२३मध्ये मान्यता मिळाली. बॅरिसिटिनिबच्या चाचण्यांत रोज ४ मिलिग्रॅम घेणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या डोक्यावर ३६ आठवड्यांत किमान ८० टक्के केस आले. मात्र औषध थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. संसर्ग व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोकाही असतो. उपचार सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. भारतात वाढलेल्यांनी तर ती मुळीच टाळू नये.

गावाकडून आलेल्या घरगुती उपायांबाबत सावध असावे. चट्टा खरखरीत कापडाने रक्त येईपर्यंत घासणे आणि त्यावर गुंजेच्या बियांचा लेप लावणे धोक्याचे आहे, कारण त्या बियांत ॲब्रिन हे तीव्र विष असते.

न्यूझीलंडमध्ये काय करावे?

प्रथम आपल्या जीपींना दाखवावे. गरजेनुसार ते त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतात. येथे औषधाला परवानगी मेडसेफ देते, तर सरकारी खर्चाने कोणते औषध मिळावे हे फार्मॅक ठरवते. त्यामुळे नव्या गोळ्यांविषयी ‘परवानगी आहे का?’ आणि ‘खर्च कोणाचा?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न डॉक्टरांना विचारावेत. आजारामुळे केस गेलेल्यांना विगसाठी सरकारी अनुदानाची सोय आहे. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. १९९६मध्ये न्यूझीलंडमध्येच सुरू झालेल्या डर्मनेट या संकेतस्थळावर या विकाराची छायाचित्रे व माहिती विनामूल्य पाहता येते.

येथील ऊन प्रखर असल्याने उघड्या चट्ट्यावर सनस्क्रीन लावावे आणि टोपी घालावी. पापण्या गेल्या असल्यास वाऱ्याधुळीत चष्मा वापरावा. मुलाला चाई झाली असेल, तर ती इतरांना लागत नाही हे वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवावे. केस परतण्यास कित्येक महिने लागू शकतात आणि त्या काळात मुलाला रोज शाळेत जायचे असते.