वॉलआयसाठी जिगची निवड : वजन, प्रवाह आणि शिशाचा प्रश्न

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मे महिन्यातील एका शनिवारी वॉलआय माशाच्या मासेमारीचा हंगाम सुरू होतो. हा दिवस तेथे जवळजवळ सणासारखाच साजरा होतो आणि राज्याच्या गव्हर्नरांनी त्या निमित्ताने स्वतः गळ टाकण्याची प्रथा १९४८ पासून चालत आली आहे. वॉलआय हा १९६५ पासून मिनेसोटाचा अधिकृत राज्यमासा आहे. शिक्षण वा नोकरीनिमित्त अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात स्थायिक झालेल्या आणि लहानपणी कोकणातील खाडीत गरी टाकलेल्या एखाद्या मराठी माणसाला तेथे या छंदाची पुन्हा ओढ लागली, तर त्याची पहिली गाठ पडते ती याच माशाशी. दुकानात शिरल्यावर मात्र तो गोंधळून जातो. भिंतभर टांगलेल्या शेकडो रंगीबेरंगी 'जिग'पैकी कोणती घ्यावी, हे त्याला उमगत नाही. वाहत्या पाण्यातील मासेमारी डोळ्यांसमोर ठेवून ही निवड कशी करावी, याचा हा परिचय.

माशाची ओळख

वॉलआयचे शास्त्रीय नाव सँडर विट्रियस. पर्च कुळातील उत्तर अमेरिकेत आढळणारा हा सर्वांत मोठा मासा होय. कॅनडात अनेक ठिकाणी त्याला 'पिकरेल' म्हणतात, तर क्वेबेकमधील फ्रेंच भाषक त्याच्या सोनेरी झळाळीवरून त्याला 'डोरे' म्हणतात. त्याच्या नेत्रपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे अंधारात मांजराचे डोळे चमकावेत तसे त्याचे डोळे चमकतात आणि अंधुक प्रकाशातही त्याला उत्तम दिसते. पहाट, तिन्हीसांजा, ढगाळ हवा आणि गढूळ पाणी या त्याच्या शिकारीच्या वेळा व जागा. गढूळ नदीत तर तो भरदिवसाही आमिषाकडे झेपावतो.

वसंताच्या आरंभी बर्फ वितळू लागले, की अंडी घालण्यासाठी हे मासे नद्यांतून वर चढतात. ईरी सरोवरातून ओहायोतील मॉमी नदीत आणि मिशिगनच्या सीमेवरील डेट्रॉईट नदीत होणारी ही चढण प्रसिद्ध आहे. पहिल्या पावसात आपल्याकडे होणारी वलगण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. फरक एवढाच, की तेथे पाणी हिमाइतके थंड असते आणि मासे अंडी घालतात ते सहा ते दहा अंश सेल्सियस तापमानाच्या सुमारास, खडकाळ वा गोट्यांच्या तळावर.

जिग म्हणजे काय?

गळाच्या कड्याजवळ धातूचे लहानसे डोके ओतून बसवले, की जिग तयार होते. आमिष, वजन आणि गळ या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र येतात. गळाला जिवंत आमिष, मऊ प्लॅस्टिकची शेपटी किंवा केसांचा झुबका लावतात. दोरीचे कडे डोक्याच्या वरच्या बाजूस असल्याने पाण्यात गळाचे टोक वर राहते आणि ते तळाच्या खडकांत कमी अडकते. काठी किंचित उचलली की जिग उसळी घेते, सैल सोडली की खाली येते. वॉलआय बहुधा ती खाली येत असतानाच पकडतो. म्हणूनच खाली येणाऱ्या जिगवर दोरीचा हलका ताण ठेवणे हे या मासेमारीचे मर्म मानले जाते.

पहिला विचार वजनाचा

नवखा माणूस रंगापासून सुरुवात करतो, जाणकार वजनापासून. वॉलआय बहुतांशी तळाशी वावरतो. जिग तळापर्यंत पोहोचलीच नाही, तर तिचा रंग कितीही मोहक असला तरी तो व्यर्थ होय.

जिगची वजने तेथे औंसांत मोजतात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. स्थिर पाण्यात दर दहा फूट खोलीला १/८ औंस, म्हणजे साडेतीन ग्रॅम, असा ढोबळ हिशेब धरतात. नदीत तो लागू पडत नाही, कारण तेथे खोलीच्या जोडीला प्रवाहाची ओढ असते. मॉमीसारख्या उथळ नदीत पाण्यात उभे राहून गळ टाकणाऱ्यांना १/८ ते ३/८ औंसाच्या जिग पुरतात. खोल आणि वेगवान डेट्रॉईट नदीत होडीतून सरळ खाली सोडण्यासाठी मात्र १/२ ते १ औंसापर्यंतच्या जिग सर्रास वापरल्या जातात.

होडीतून मासेमारी करताना दोरी हीच मोजपट्टी समजावी. छोट्या विद्युत मोटारीच्या साह्याने होडी प्रवाहाच्या वेगानेच खाली वाहू दिली, तर दोरी जवळजवळ उभी राहते. ती तिरपी होऊ लागली, तर होडीचा वेग तरी चुकला आहे किंवा जिग हलकी तरी पडते आहे. आधी होडी सावरावी, त्यानंतरच वजन वाढवावे. दर उसळीनंतर जिग तळाला टेकल्याची 'टक्' अशी जाणीव हाताला झाली पाहिजे.

काठावरून किंवा नांगरलेल्या होडीतून गळ टाकताना कसोटी वेगळी असते. येथे जिग प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपी टाकतात आणि तिला तळावरून टप्पे घेत खाली येऊ देतात. ती तळाला स्पर्श करील इतकी जड हवी, पण एका जागी रुतून बसेल इतकी जड नको. एकाच ठिकाणी दोनतीन वजने बदलून पाहण्यात कमीपणा मानू नये. मुख्य धारेत १/२ औंसाची लागणारी जिग वीस पावलांवरच्या भोवऱ्यात १/४ औंसाचीही पुरते. मासे बहुधा या दोहोंच्या सीमेवर असतात, कारण तेथे संथ पाण्यात विसावा घेऊन वेगवान पाण्यातून वाहत येणारे भक्ष्य टिपता येते. खांबाची वा खडकाची मागची बाजू, धरणाखालचा डोह, नदीचे बाहेरचे वळण या जागा त्या दृष्टीने पाहण्यासारख्या.

दोरीचाही वजनाशी संबंध आहे. जाड दोरीवर पाण्याचा रेटा अधिक बसतो आणि जिग वर उचलली जाते. तितकाच भार सोसणारी विणलेली दोरी नायलॉनच्या तंगुसापेक्षा पुष्कळ बारीक असते. त्यामुळे हलकी जिगही तळ गाठते.

डोक्याचा आकार, गळ आणि आमिष

गोल डोक्याची जिग सर्वत्र चालते. एकच प्रकार घ्यायचा असेल, तर तोच घ्यावा. वेगवान धारेत दोन्ही बाजूंनी चपटी, गोळीच्या चकतीसारखी दिसणारी जिग पाणी कापत लवकर खाली जाते. संथ पाण्यासाठी बूड सपाट असलेली जिग उपयोगी; ती तळावर टेकली तरी गळ उभा राहतो आणि आमिष डोळ्यांत भरते.

जिवंत आमिषासाठी आखूड दांड्याचा गळ आणि प्लॅस्टिकच्या शेपटीसाठी लांब दांड्याचा, असा साधारण संकेत आहे. थंड पाण्यात मासा आमिषाची नुसती शेपूट कुरतडून जातो. अशा वेळी मागे आणखी एक लहान गळ जोडतात. बारीक तारेच्या गळाचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही. तो खडकात अडकला आणि दोरी भक्कम असली, तर जोराने ओढल्यावर सरळ होऊन सुटून येतो. पक्कडीने वाकवून तो पुन्हा वापरता येतो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात उलटा काटा नसलेलाच गळ वापरावा लागतो.

आमिष ऋतूप्रमाणे बदलते. वसंतात मिनो नावाचे लहान मासे लावतात आणि जिग वीतभरही न उचलता अगदी सावकाश हलवतात. उन्हाळ्यात जळू, गांडूळ आणि प्लॅस्टिकच्या शेपट्या चालतात व हालचालही जोमदार ठेवता येते. पानगळीत पाणी गार झाले, की पुन्हा मिनोंची पाळी येते. जिवंत आमिष एका जलाशयातून दुसऱ्यात नेण्यावर अनेक ठिकाणी बंधने आहेत. त्याचे आणि मासेमारीच्या परवान्याचे नियम राज्याराज्यांत भिन्न असल्याने ते आधी पाहून घ्यावेत.

रंगाचे स्थान शेवटचे

वॉलआयच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मुख्यतः नारिंगी-लाल आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या असतात. त्यामुळे गढूळ पाण्यात झगझगीत नारिंगी किंवा पोपटी-पिवळ्या जिगला पसंती मिळते, त्यात तथ्य आहे. स्वच्छ पाण्यात पांढरा, रुपेरी किंवा तपकिरी असे माशांच्या नेहमीच्या भक्ष्याशी जुळणारे रंग बरे. दोन भडक आणि दोन सौम्य रंग जवळ असले, म्हणजे पुरे. रंगांची संख्या वाढवण्यापेक्षा त्याच पैशांत वजनांचे प्रकार अधिक घ्यावेत.

जी जिग परत येत नाही

नदीतील मासेमारीत एक गोष्ट गृहीतच धरावी लागते, ती म्हणजे जिग हरवणे. जिथे वॉलआय तिथे खडक आणि बुडालेली ओंडकी, आणि जिथे ती तिथे दोरी तुटणार. दिवसभरात पाचसहा जिग गमावणे यात नवल नाही. ही हरवलेली जिग कशाची बनलेली आहे, हा प्रश्न म्हणूनच निवडीच्या यादीत वरचा असायला हवा.

पिढ्यान्‌पिढ्या जिग शिशाच्याच बनत आल्या. शिसे स्वस्त, जड आणि घरच्या शेगडीवरही वितळणारे. परंतु ते विषारी आहे. मिनेसोटाचा राज्यपक्षी असलेला लून हा पाण्यात बुडी मारून मासे पकडणारा देखणा पक्षी. अन्न दळले जावे म्हणून तो तळातील खडे गिळतो आणि ते त्याच्या पेषणीत साठतात. खड्यांसोबत एखादी लहान जिग गिळली गेली, किंवा दोरी तोडून पळालेला मासा त्याने जिगसकट खाल्ला, तर जठररसात शिसे झिजून रक्तात उतरते. एवढीशी एकच जिग पुरते; दोन ते चार आठवड्यांत पक्षी दगावतो. न्यू हॅम्पशायरमध्ये मृत प्रौढ लूनच्या दीर्घकाळ ठेवलेल्या नोंदींत शिशाची मासेमारीची साधने हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले.

हा प्रश्न नवा नाही. हंसांच्या मृत्यूमुळे ब्रिटनने १९८७ मध्ये शिशाच्या लहान वजनांवर बंदी घातली. कॅनडाने १९९७ पासून आपल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजने व जिग वर्ज्य केल्या. न्यू हॅम्पशायरमध्ये २०१६ पासून एक औंस किंवा त्याहून कमी वजनाच्या शिशाच्या जिग विकता येत नाहीत आणि गोड्या पाण्यात वापरताही येत नाहीत. मिनेसोटाने आतापर्यंत मुख्यतः प्रबोधनाचा मार्ग धरला आहे. म्हणजेच निर्णय बराचसा गळ टाकणाऱ्याच्या हातात आहे.

पर्याय कोणते? टंगस्टन, बिस्मथ आणि कथील हे प्रमुख. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, बिस्मथची ९.८ पट, कथिलाची ७.३ पट, तर शुद्ध टंगस्टनची १९.३ पट असते. या आकड्यांचा नदीतील अर्थ असा : १/२ औंसाची गोल जिग शिशाची असेल तर तिचा व्यास सुमारे १३ मिलिमीटर, कथिलाची असेल तर १५ आणि टंगस्टनची असेल तर ११ ते १२ मिलिमीटर भरतो. लहान डोक्यावर प्रवाहाचा रेटा कमी बसतो, म्हणून त्याच वजनाची टंगस्टनची जिग लवकर तळ गाठते. शिवाय हा धातू कठीण असल्याने वाळू, गोटे की चिखल हा भेद बोटांना स्पष्ट कळतो. मात्र तिची किंमत शिशाच्या कित्येक पट असते. कथील स्वस्त पडते, पण त्याचे डोके मोठे असल्याने वेगवान पाण्यात एक पायरी जड जिग घ्यावी लागते. बिस्मथ या दोहोंच्या मधले.

खिशाला परवडेल असा मध्यम मार्ग काढता येतो. उथळ, खडकाळ जागी, जिथे जिग हमखास अडकणार, तिथे कथिलाच्या वा बिस्मथच्या हलक्या जिग वापराव्यात. तेथे वजनाची गरजही कमी असते. होडीतून खोल पाण्यात, जिथे वजन आणि स्पर्श दोन्ही महत्त्वाचे आणि जिग तुलनेने कमी हरवते, तिथे टंगस्टनच्या मोजक्या जिगवर खर्च करावा. बारीक तारेचे गळ आणि भक्कम दोरी यांनी हरवणाऱ्या जिगची संख्या आणखी घटते. घरात पडून असलेल्या शिशाच्या जिग कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रात द्याव्यात. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये आणि मुलांच्या हाती तर ते देऊच नये.

थोडक्यात, क्रम असा : आधी प्रवाह पाहावा, मग वजन ठरवावे, त्यानंतर आकार, गळ व आमिष आणि सर्वांत शेवटी रंग. आणि डबीतून जिग उचलताना, ती बहुधा नदीच्या तळाशीच राहणार आहे, हे ध्यानात ठेवून धातू निवडावा. मासा मिळणे न मिळणे हा त्या दिवसाचा योग असतो. हरवलेली जिग मात्र तळाशी कित्येक वर्षे पडून राहते.