तळटीप : कच्च्या पपईचा चीक

१४. कच्च्या पपईचा चीक : जून मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा कीस चोळतात, गोंदियाकडच्या परसातली पपई इथे त्याच कामी आली आहे. चिकातले पपेन हे विकर प्रथिनांची साखळी तोडते, एवढेच सहसा सांगितले जाते. ते अपुरे आहे. तोडताना पपेन साखळीचा एक तुकडा आपल्यातल्या सिस्टिनच्या गंधकाशी क्षणभर जोडून धरते. तिथे पाण्याचा रेणू पोहोचला, तर तुकडा मोकळा होतो, हेच पचन. पाण्याआधी दुसऱ्या पेप्टाइडचा अमिनो गट पोहोचला, तर तुकडा त्याला जाऊन चिकटतो आणि नवा पेप्टाइड बंध तयार होतो. पातेल्यात पाणी उदंड, म्हणून तोडणेच चालते. पाणी कमी केले आणि अमिनो आम्ले भरपूर पुरवली, की असली विकरे चक्क सांधू लागतात. स्वादुपिंडातल्या ट्रिप्सिनकडून हे काम करून घेतले गेले: डुकराच्या इन्शुलिनमध्ये ‘बी’ साखळीच्या टोकाला, ३०व्या जागी, ॲलानिन असते, ते काढून तिथे थ्रिओनिन बसवले, की ते हुबेहूब माणसाचे इन्शुलिन होते. १९८०च्या दशकात असे इन्शुलिन मधुमेहींच्या हाती आले.