मुलांची पोटदुखी आणि जठरातील जंतू (एच. पायलोरी) : सरगूर परिसरातील पालकांसाठी माहिती

आपल्या मुलाचे पोट वारंवार दुखत असेल आणि कुणी "पोटात जंतू आहे, रक्त तपासून औषध सुरू करा" असे सांगितले असेल, तर पैसे खर्च करण्यापूर्वी ही माहिती वाचावी.

जंत वेगळे, जंतू वेगळा

मराठीत या दोन शब्दांत एका उकाराचाच फरक आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. जंत म्हणजे आतड्यातले कृमी. त्यांच्यासाठी राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. ती जरूर द्यावी. मात्र हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या आतल्या आवरणात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा जिवाणू आहे. जंताच्या गोळीने तो मरत नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी १९८२ मध्ये तो शोधला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत जठरातल्या व्रणाचा (अल्सरचा) दोष तिखटावर आणि काळजीवर जात असे. घरोघरी तो अजूनही जातो.

हा संसर्ग बहुधा लहानपणीच, घरातल्याच माणसांकडून होतो. बहुतेक मुलांना त्याचा काहीही त्रास होत नाही. म्हणून जंतू सापडला तरी पोटदुखीचे कारण तोच, असे धरता येत नाही. बद्धकोष्ठता, जंत, वेळी-अवेळी खाणे, शाळेची भीती ही कारणे आधी पाहावी लागतात. मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, इतर कोणतेही धोक्याचे लक्षण नसताना केवळ पोटदुखीसाठी या जंतूची तपासणी करू नये. रक्तातील अँटिबॉडीच्या चाचणीवरून तर उपचार ठरवूच नयेत, कारण जंतू गेल्यावरही अँटिबॉडी बराच काळ रक्तात राहतात. मुलांमध्ये खात्रीचे निदान एंडोस्कोपी करून, जठराच्या आवरणाचा लहान तुकडा तपासून होते. ही तपासणी प्रत्येक मुलाला लागत नाही.

ही लक्षणे असतील तर वाट पाहू नका

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसणे, डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीची शौच, सतत किंवा हिरवी उलटी, वजन घटणे, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणे, उजव्या बाजूला खाली दुखणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त पडत असेल किंवा मूल निपचित असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अंगणवाडीतून मिळणाऱ्या लोहाच्या औषधानेही शौच काळसर होते. ती डांबरासारखी चिकट नसते. मूल खेळत-खात असेल तर घाबरून लोह बंद करू नये. डॉक्टरांना मात्र सांगावे. लोह नियमित देऊनही रक्तक्षय हटत नसेल, तर तेही सांगावे.

उपचार

साधारण १४ दिवस दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारे औषध, मुलाच्या वजनानुसार. चार-पाच दिवसांत बरे वाटले म्हणून औषध थांबवल्यास जंतू उरतो आणि पुढच्या वेळी तीच औषधे लागू पडेनाशी होतात. मोठ्या माणसाची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नये. औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी शौचाची किंवा श्वासाची चाचणी करून जंतू गेला का ते पाहतात.

कुठे जावे, कोणती योजना

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात असलेल्या सरगूरमध्ये स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटचे विवेकानंद स्मारक रुग्णालयही आहे. पुढील तपासणीसाठी म्हैसूरच्या चेलुवांबा रुग्णालयात पाठवले जाऊ शकते. ते स्त्रिया व मुलांचे सरकारी रुग्णालय आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येते. हा जंतू त्यांच्या यादीत नाही, पण तीव्र रक्तक्षय आहे. त्यामुळे त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला कमाल १.५ लाख. लाभ मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ओपीडीत बाहेरून आणलेल्या औषधांचे पैसे परत मिळतील असे समजू नका. खासगी रुग्णालयात जाण्यापूर्वी सरकारी रुग्णालयाची शिफारस चिठ्ठी घ्या. तातडीच्या प्रसंगी ती आधी लागत नाही. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

कन्नड येत नसेल तर एवढे शब्द पुरतील: पोटदुखी म्हणजे 'होट्टे नोवु', उलटी म्हणजे 'वांति', जुलाब म्हणजे 'भेदि'. रक्ताला तिथेही 'रक्त'च म्हणतात. दुखणे कधीपासून आहे आणि आधी कोणती औषधे दिली, हे कागदावर लिहून न्या. औषधांची रिकामी पाकिटेही सोबत न्या.